गयेला सोडलेलं फळ

गुरुजी, गेली सहा वर्षं मी भात खाल्लेला नाही आणि त्याला कारण तुम्ही आहात. हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायला मला आधी तुमचा चष्मा आठवावा लागतो. आज सून बाजाराला गेली आहे, मुलगा धानाच्या बांधीवर आहे आणि नातीच्या जुन्या वहीत कोरी पानं उरली आहेत. दाराची कडी लावली आहे. लावली आहे ना, म्हणून दोनदा उठून पाहूनही आलो. तुम्ही समोर असता तर मी हे बोललो नसतो, म्हणून लिहितो. माझं शिक्षण आठवीत थांबलं, तेव्हा वाक्यं इकडची तिकडे झाली तर चालवून घ्या. तेव्हा तुम्ही चालवून घेतलं नव्हतं.

भंडाऱ्याच्या मुलखात माणूस भात खात नाही म्हटलं की लोक आधी विचारतात, साखरेची बिमारी आहे का. नाही म्हटलं की विचारतात, मग काय, सून देत नाही? आमची सून त्यानं फार दुखावते. "मामाजी, तुमच्या नेमापायी मी गावभर बदनाम होऊन राहिली," असं ती महिन्यातून एकदा तरी म्हणते, आणि तिचं चूक नाही. भात नाही, पोहे नाही, मुरमुरे नाही, तांदळाची भाकर नाही. चार बांध्यांचं धान घरात येतं आणि घरातला बुढा रेशनच्या गव्हाची पोळी खातो. लग्नाच्या मांडवात मी पानावर बसलो की वाढणारे पोट्टे भाताचं घमेलं घेऊन माझ्यापुढे थांबतात. मी पानावर हात आडवा धरतो. ते विचारतात, काहून जी? मग मी सांगतो. मला तेच हवं असतं. त्यांनी विचारावं आणि मी सांगावं, यासाठीच मी हे फळ सोडलं.

फळ म्हणालो. तुम्ही असता तर हसला असता, किंवा हसला नसता. तुमचं मला आता खात्रीनं काही सांगता येत नाही, ते का ते पुढे येईल.

तुम्ही वर्ध्याकडून आमच्या शाळेत आलात तेव्हा तुमचं लग्नही झालेलं नव्हतं. पांढरा पायजमा, सायकल, आणि विज्ञानाच्या तासाला टेबलावर काहीतरी ठेवल्याशिवाय शिकवायचं नाही ही तुमची सवय. त्या हिवाळ्यात तुम्ही फळांचा धडा घेतला. आदल्या दिवशी सांगितलं, उद्या प्रत्येकानं एक फळ आणायचं, विकत नाही, जे भोवताली मिळेल ते. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गाच्या फरशीवर खडूनं मोठाले गोल काढता आणि आम्हाला भिंतीला टेकून उभं करता. लाकडी मुठीची सुरी घेऊन तुम्ही एकेक फळ कापता आणि सांगता की फुलाच्या पोटात जी इवलीशी पिशवी असते ती फुगली की फळ होतं, बाकी फुलाचं काहीही होवो. बोर कापून दाखवता, आत एकच कठीण आठळी, तिच्या आत बी. आंबाही याच घरातला, तुम्ही म्हणता, आणि बोर आठळीच्या गोलात ठेवता. केळं आणि पपई गराच्या गोलात. तुरीची शेंग, चिंच, शेंगेच्या गोलात. कापसाचं बोंड पिकलं की आपोआप उकलतं, ते सुक्या फळांच्या गोलात. एका पोरीनं उशिराचं सीताफळ आणलं होतं. त्याचे डोळे वेगळे करून तुम्ही म्हणालात, हे एक फळ नाही, ही फळांची वस्ती आहे, एका फुलातल्या पुष्कळ पिशव्या शेजारी शेजारी फुगल्या आणि एकमेकींना चिकटल्या. मला ते अजून तसंच्या तसं आठवतं. त्या दिवसापासून मला सीताफळ खाताना आपण कोणाच्या तरी घरात शिरलो असं वाटतं.

मग शेवटच्या बाकावरच्या पोट्ट्यानं टमाटर काढलं. वर्ग हसला. तुम्ही हात वर करून वर्ग गप्प केलात आणि म्हणालात, "हसू नका. बाजारात ही भाजी आहे, इथं हे फळ आहे. वांगं फळ, मिरची फळ, भोपळा फळ. बाजार चवीवरून नाव देतो, आपण घडणीवरून देतो." त्या पोट्ट्याची पाठ थोपटून टमाटर गराच्या गोलात ठेवलं. नंतर माझा नंबर आला. मी खिशात हात घातला आणि मूठभर धान काढून तुमच्यापुढे धरलं.

तुम्ही माझ्या तळहाताकडे पाहिलं. "हे काय?"

"धान, गुरुजी."

"मी फळ आणायला सांगितलं होतं."

"धानाले फूल येते, गुरुजी," मी म्हणालो. "फूल येते त्याले फळ येणारच."

एवढं मी बोललो. आठवीच्या पोरानं बोललेलं ते वाक्य आजही मला खोडता येत नाही. श्रावण-भादव्यात धान निसवतं तेव्हा दहा-अकराच्या उन्हात बांधावर उभं राहिलं तर लोंबीवर पांढुरकी बारीक फुलं लटकताना दिसतात, दुपार झाली की मिटतात. मग दाण्यात दूध भरतं. दूध भरतं म्हणजे काय, तर तुमची ती पिशवी फुगते. पण तुम्ही त्या दिवशी माझ्या तळहातातलं पाहिलंच नाही. तुम्ही वर्गाकडे वळलात आणि म्हणालात, "उद्या हा पेज आणेल आणि म्हणेल फळाचा रस आहे." वर्ग फुटला. सगळ्यात मोठ्यानं हसला तो टमाटरवाला. तुम्हाला त्या हसण्याचा जोर चढला असावा. तुम्ही म्हणालात, "फळ आहे ना? मग खा."

मी पाहत राहिलो. तुम्ही पुन्हा म्हणालात, खा. मी तुसासकट धान तोंडात टाकलं आणि चावलं. तूस हिरड्यांत घुसतं, गुरुजी. कुसळाचं टोक जिभेखाली जातं आणि थुंकलं तरी निघत नाही. वर्ग हसतच होता. तुम्ही सुरी पुसत होतात.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी तुम्ही आमच्या खळ्यावर आलात. बाप बैल फिरवत होता. तुमची सायकल दिसली तसा त्याचा चेहरा उतरला, त्याला वाटलं पोरानं शाळेत चोरी केली. तुम्ही पाणी प्यालात, तणसाच्या ढिगावर बसलात आणि मला म्हणालात, एक दाणा दे. खिशातून भिंग काढलंत. नखानं तूस सोललं आणि म्हणालात, "हे तूस फळाचं नाही. हे फुलाचं घर होतं, फूल यातच बसून फुललं. हा आतला लालसर दाणा बघ. याची साल काढून दाखव." मी नख लावलं. म्हणालो, निघत नाही, गुरुजी. "निघणार नाही. फळाची साल आणि बीची साल इथं एकमेकींना चिकटून एकच झाली आहे. म्हणून आपल्याला वाटतं हे बी. हे फळ आहे. एका बीचं सुकं फळ. मी कॉलेजचं पुस्तक काढून पाहिलं." मग तुम्ही बैलांकडे पाहत म्हणालात, "तू बरोबर होतास." बाप दूर होता, त्यानं ऐकलं नाही. बैलांनी ऐकलं असेल.

दुसऱ्या दिवसापासून मी वाट पाहिली. तुमचा तास आला की माझे कान गरम व्हायचे. आज सांगतील. तुम्ही लोहचुंबक शिकवलं, तरफ शिकवली, एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि नजर फळ्याकडे नेली. शाळेच्या वाटेवर, बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या काठाला, पोट्टे मला धानवाला म्हणून हाका मारत होते. टमाटरवाला तर खिशातून भुसा काढून माझ्यापुढे धरायचा, "घे, फळ खा." पंधरा दिवस मी वाट पाहिली. मग एक दिवस बापाला म्हणालो, मी खळ्यावर येतो, शाळा नको. बापाला माणूस हवाच होता. तुम्ही बोलवायला आला नाहीत. मी चुकीचा ठरलो तो पन्नास पोरांपुढे, आणि बरोबर ठरलो तो दोन बैलांपुढे. हा न्याय मला तेव्हाही पटला नाही आणि आज म्हातारपणीही पटत नाही.

मग मी तिकडचा मुलूखच सोडला. तुमसरकडे राईस मिलमध्ये लागलो, सिहोऱ्याच्या बाजूला घर केलं. तीस वर्षं मशीनवर होतो. शेलरमधून तूस उडून जायचं आणि खाली लालसर दाणा पडायचा, तेव्हा रोज वाटायचं, हे फळ. तो दाणा पॉलिशरमध्ये घासला की कोंडा निघायचा आणि ढोरांच्या खाण्यात जायचा. जी साल मला नखानं काढता आली नव्हती ती मशीन काढत होती. मी नव्या हमालांना सांगायचो की पांढराशुभ्र तांदूळ म्हणजे सोललेलं फळ. तांदळाच्या टोकाशी जी बारीक खाच असते तिथं अंकुर होता, तो कोंड्याबरोबर गेला, म्हणून तांदूळ पेरून उगवत नाही. ते मला मास्तर म्हणून चिडवायचे. तुम्ही गेल्याची बातमी मला मिलमध्येच कळली, कोणा धान आणणाऱ्या गाडीवाल्याकडून. मूलबाळ नव्हतं असंही तो म्हणाला. मी मशीन थांबवली नाही.

सात वर्षांमागे माझी बायको गेली. वर्ष सरलं नव्हतं तोच गावातून काशी-गयेची गाडी निघाली, मीही गेलो. गयेला मी आईबापाचं, बायकोचं पिंड दिलं. पंडा म्हणाला, और किसी का? गुरु, मित्र, कोई भी. माझ्या तोंडून तुमचं नाव निघून गेलं. ज्याच्यावर राग आहे त्याला जेवू घालू नये असं कुठं लिहिलं आहे? पिंड दिलं. मग तो म्हणाला, अब एक फल छोड़ो, जनमभर नहीं खाना. आमच्या गाडीतल्या लोकांनी आधीच ठरवलं होतं, कोणी सफरचंद, कोणी अननस, ज्यांना ते वर्षात एकदाही मिळत नाही. मी म्हणालो, "धान."

"बाबा, धान फल नहीं है."

"है. हमारे मास्तर ने बताया था."

माझा शेजारी मागून कोपर मारत होता, "अबे काय बोलून राहिला? चिकू म्हण, चिकू!" पंडा रांगेकडे पाहून कंटाळला. जो छोड़ना है छोड़ो, आगे बढ़ो. मी हातावरून पाणी सोडलं आणि धान सोडलं. चिकू सोडला असता तर मला कोणी काही विचारलं नसतं. धान सोडल्यावर भंडारा जिल्ह्यातलं प्रत्येक पान मला विचारतं. आणि प्रत्येक मांडवात मी तुमची गोष्ट सांगतो. माझ्या गुरुजींनी मला हे चावायला लावलं, मग एकट्यात सांगितलं की हे फळच आहे, पण वर्गात सांगायची त्यांची छाती झाली नाही. जे तुम्ही एकदा बोलला नाहीत ते मी सहा वर्षं तुमच्या वतीनं बोलतो आहे. तुम्हाला आवडलं नसेल तर नसो.

आता नातीचं. ती भंडाऱ्याला बीएससी करते, वनस्पतीशास्त्र घेऊन. तिच्या पुस्तकात धानाचं चित्र आहे, आडवं कापलेलं, सगळ्या थरांना नावं दिलेली. तिनंच मला दाखवलं. तिला एक स्थळ आलं, मुलगा शेतकी खात्यात आहे, आणि आजवर दहा स्थळांना नाक मुरडणाऱ्या पोरीनं या वेळी मान वर करून हो म्हटलं. स्थळ अड्याळचं. मुलाच्या आजोबांचं मूळ गाव विचारलं, ते आमच्याच शाळेचं निघालं आणि नावही ओळखीचं, तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला. तोच टमाटरवाला. पोटी तीन पोरं, मोठं घर, आणि त्या घरात बोलणीसाठी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. पंधरा दिवस मला धड झोप नाही. तिथं फक्त भात असला तर? मी पान पुढे ढकललं तर ते काय समजतील? निघायच्या दिवशी सकाळी नात माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आबाजी, एक दिवस खाऊन घ्याल काय? माझ्यासाठी?"

मी म्हणालो, "नाही."

ती उठून गेली. मी नाही म्हणालो ते म्हणालोच. उलट घाबरून मी आणखी एक मूर्खपणा केला. सून आंघोळीला गेल्यावर डब्यात चार पोळ्या आणि लोणचं घेतलं आणि पिशवीत लपवलं. सोयऱ्याच्या घरी आपला डबा घेऊन जेवायला बसणं म्हणजे त्याच्या अन्नावर थुंकणं, हे आमच्याकडे लहान पोराला कळतं. मलाही कळत होतं. पण उपाशी राहीन, चक्कर येईल, सगळ्यांपुढे पडेन, हीच भीती मोठी झाली.

पानं मांडली. वरण, वांग्याची भाजी, वडे, आणि मधोमध भाताचा ढीग. मी हात आडवा धरला आणि दुसऱ्या हातानं पिशवीतून डबा काढला. झाकणाचा आवाज झाला. मुलाची आई भाताचं पातेलं घेऊन माझ्यापुढेच उभी होती.

"आमच्या घरी पोया होत नाही काय जी?" ती म्हणाली. "डब्बा घेऊन आले!"

माझा मुलगा पानाकडे पाहत राहिला. सुनेनं पदर तोंडाला लावला. मुलाचा बाप हात धुऊन उठलाच. "अन्न खपत नसन तं आत्ताच सांगून द्या. सोयरिक जबरदस्तीची नाही."

तुम्हाला सांगतो, गुरुजी, त्या वेळी मी म्हटलं असतं की साखरेची बिमारी आहे, तर सगळं निभलं असतं. नातीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे होता. पण मी उभा राहिलो. सगळं सांगितलं. खडूचे गोल, धान, चावणं, खळं, भिंग, पंधरा दिवस. आणि शेवटी कोपऱ्यातल्या खाटेकडे बोट करून म्हणालो, "त्या वर्गात सगळ्यात मोठ्यानं हसणारा पोट्टा टमाटर घेऊन आला होता. तो तिथं बसला आहे. त्याले विचारा."

खाटेवरचा म्हातारा कानाला हात लावून ऐकत होता. त्यानं मला खालून वर पाहिलं. "अबे," तो म्हणाला, "तू तो धानवाला?" आणि हसायला लागला. तेच हसणं, फक्त आता दात नव्हते. मी डबा उचलला, निघायला. तो म्हणाला, "बस. बस म्हणतो ना. शाळा सोडून पळाला अन् इथं येऊन गुरुजीले नावं ठेवतो? तुले ठाऊकच नाही. मले ठाऊक आहे, काहून का मी आठवीत नापास झालो."

मुलाची आई म्हणाली, "बाबाजी, आता नापास झाल्याचं कायले सांगता?"

"तेच तं सांगून राहिलो. नापास झालो म्हणून पुन्हा त्याच वर्गात बसलो. दुसऱ्या साली फळाचा धडा आला. गुरुजीनं गोल काढले खडूनं. पोट्ट्यांनी फळं ठेवली. मंग गुरुजीनं आपल्या खिशातून मूठभर धान काढलं अन् सुक्या फळाच्या गोलात ठेवलं. म्हणे, मागच्या साली एका पोरानं हे आणलं होतं. मी त्याले हसलो अन् तुसासकट चावायला लावलं. तो बरोबर होता, मी चुकलो. अन् एक चिमूट उचलून आपल्या तोंडात टाकलं. तुसासकट. चावलं. पोट्टे हसले तं म्हणे, हसा. सगळा वर्ग पाहून राहिला, तोंडातून रक्त आलं का काय असं वाटलं. दरसाल करत होते. माझा लहाना भाऊ शिकला तवाही केलं, म्हणे." मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "त्या दिवशी मी नाही हसलो."

मुलाच्या आईनं भाताचं पातेलं खाली ठेवलं. "थांबा," ती म्हणाली, "तो डब्बा ठेवा पिशवीत. पोया टाकतो मी." पदर खोचून आत गेली. मुलाचा बाप पुन्हा पानावर बसला आणि माझ्या मुलाला म्हणाला, "अशा बुढ्याची नात आहे, म्हणजे आमचं काही खरं नाही." तेव्हा सगळे हसले आणि त्या हसण्यात सोयरिक पक्की झाली. घरी आलो तेव्हा नात दारातच होती. मी सांगायच्या आधी तिनं सुनेच्या तोंडाकडे पाहून ओळखलं.

हे झालं चार दिवसांपूर्वी. तेव्हापासून सगळे माझ्या मागे लागले आहेत. मुलगा म्हणतो, गुरुजींनी वर्गात सांगितलं, फिटलं, आता भात खा. नात म्हणते, पंड्याला फळ म्हणजे बाजारातलं फळ म्हणायचं होतं, शास्त्रातलं नाही, म्हणून नेम लागूच होत नाही. पोरगी वकील व्हायला हवी होती. मी दोघांनाही नाही म्हणालो. तुम्हालाही सांगतो. तुम्ही तूस चावलंत ते माझ्यानंतर आलेल्या पोरांपुढे. ज्या पन्नासांपुढे मला चावायला लावलं त्यांच्यापुढे नाही, एक नापास झालेला सोडून. माझ्यासमोर तर नाहीच. सायकल होती तुमच्याकडे. एकदा खळ्यावर आला होतात, दुसऱ्यांदा येऊन म्हणायचं होतं, चल, आज वर्गात सांगतो, तू उभा राहा. आलो असतो. पळत आलो असतो. बाप बैलांमागे ओरडत राहिला असता तरी आलो असतो. तुमचं प्रायश्चित्त तुम्ही माझ्यामागे घेतलंत, तेव्हा मी माझा नेम तुमच्यामागे पाळणार. धान हे फळ आहे आणि ते मी सोडलं आहे. मरताना तोंडात कोणी पेज घालायला आला तरी मी दात मिटून घेईन.

एवढं मात्र बदलेन, की मांडवात गोष्ट सांगताना छाती झाली नाही हे वाक्य गाळेन. मागच्या सहा वर्षांतल्या लोकांना गाठून दुरुस्ती करत फिरणं मला जमणार नाही. गुडघे दुखतात. त्यांना जे ठाऊक आहे ते ठाऊक राहू द्या.

इथंच थांबलो असतो. पण गरम पोळ्या वाढत असताना तुमचा टमाटरवाला आणखी एक गोष्ट बोलला, आणि ती चार दिवस मला सोसत नाही. तो म्हणाला, गुरुजी शेवटी दरवेळी म्हणत, "डोकं असावं तर त्या पोरासारखं. तुम्ही सगळ्यांनी दिसलं ते फळ आणलं. त्यानं विचार करून आणलं."

गुरुजी, त्या दिवशी आईनं मला जाम दिला होता. पेरू म्हणा तुमच्याकडचा. मालगुजाराच्या बागेत ती तण काढायला जायची, तिथून पदरात लपवून आणलेला, पिवळा, हाताएवढा. शाळेत ने, म्हणाली. मी तो बोडीच्या पाळीवर बसून खाल्ला. अर्धाच खाणार होतो. मग रिकाम्या हातानं येताना वाटेत कोणाच्या तरी खळ्यावर धानाची रास दिसली, कोणी पाहत नव्हतं, मूठभर खिशात टाकलं. धानाला फूल येतं हे मी विचार करून बोललो नाही, रिकाम्या हाताला छडी बसेल म्हणून बोललो. ते खरं निघालं, यात माझी काय हुशारी?

अड्याळला मी हे सांगितलं नाही. तिथं सगळे हुशार, हुशार म्हणत होते आणि मी मान हलवत पोळी खात होतो. इथं लिहिलं. बाहेर फाटकाचा आवाज झाला, सून आली वाटतं. ही पानं आता फाडून गादीखाली घालतो.